दादाने निवडलेला कोळी

डायलिसिस बंद करायचं ठरवलंय, हे दादाने मला जेवता जेवता सांगितलं. उद्या केस कापायला जाणार आहे, अशा आवाजात. "या महिनाअखेरपर्यंत जातो. मग पुरे."

मी हातातला डाव पातेल्यात आपटला, तो इतक्या जोरात की ओट्यावर शिंतोडे उडाले. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे सगळ्यांना माहीत आहे, आणि दादाला तर मी पाळण्यात होते तेव्हापासून. तो मला फौजदार म्हणतो. त्या दिवशी मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्याने ऐकून घेतलं, ताटातलं संपवलं, मोजून ठेवलेल्या पाण्यातला शेवटचा घोट घेतला आणि उठला. त्याला दिवसाला तीन कप पाणी. चहाही त्यातच आला.

घरात आम्ही दोघंच. त्याची बायको सहा वर्षांपूर्वी गेली, माझं लग्न झालंच नाही, तेव्हा तो आपलं सामान दोन पेट्यांत भरून माझ्या दोन खोल्यांत राहायला आला. तीस वर्षं त्याने लिफ्ट दुरुस्त केल्या. साखरेने आधी त्याच्या पायाची दोन बोटं नेली, मग डोळ्यांतला थोडा उजेड नेला, मग मूत्रपिंडं. मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी डायलिसिस केंद्राची गाडी यायची. चार तास त्याचं रक्त यंत्रातून फिरायचं. दुपारी घरी येऊन तो बुटांसकट पलंगावर पडायचा, ते संध्याकाळी मी कामावरून येऊन बूट काढेपर्यंत तसाच. पायात गोळे यायचे तेव्हा उशी तोंडात धरायचा, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. हे सगळं मला दिसत होतं. दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण तो मरायचं ठरवतो आणि मला ताटावर बसून सांगतो, हे मला सहन होईना.

तीन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. चौथ्या दिवशी मी त्याचे बूट काढता काढता खाली बसून रडले. मी सहसा रडत नाही, त्यामुळे तो गडबडला. कोपरावर उठून बसला.

"तुला नक्की काय हवंय?" त्याने विचारलं.

"तू जगायला हवास."

"किती?"

हा काय प्रश्न झाला? पण तो लिफ्टवाला. गिऱ्हाईक कधीही विचारायचं, अजून किती वर्षं चालेल, आणि तो विचार करून आकडा सांगायचा. मला आकडा सांगता येईना. मी नाक पुसत राहिले. तो म्हणाला, "मला एक टॅरँट्युला पाळायचाय."

औषधांनी डोकं फिरलं असं मला वाटलं. "काय पाळायचंय?"

"कोळी. मोठा, केसाळ. तळहाताएवढा असतो." आणि मग तो कितीतरी दिवसांनी सलग बोलला. लिफ्टच्या खड्ड्यात, अगदी तळाशी, त्याला नेहमी कोळी दिसायचे. बाकीचे कारागीर झाडूने मारून टाकायचे, हा पुठ्ठ्यावर घेऊन बाजूला ठेवायचा. आपणही एखादा पाळावा असं फार वाटायचं, पण वहिनी पाल दिसली तरी खुर्चीवर चढणारी बाई. मनातलं मनातच राहिलं. आता दिवसभर मोबाइलवर तो तेच ऐकत पडायचा. पहिल्यांदा पाळणाऱ्याने कुठला घ्यावा, पेटी केवढी असावी, माती किती. सगळं तोंडपाठ झालं होतं.

"बरं, मग?" मी म्हटलं.

"मग करार करू. तो जिवंत आहे तोवर मी केंद्रात जाईन. एक दिवस चुकवणार नाही, कुरकुरणार नाही. तो मेला की थांबेन, आणि तेव्हा तू एक अक्षर बोलायचं नाही. निवड मात्र माझी."

मी लगेच हो म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्यात हजेरी घेणाऱ्या मुलीला गाठलं आणि म्हटलं, टॅरँट्युला किती जगतो बघ गं. तिने फोनवर शोधलं आणि म्हणाली, "वीस वर्षं, ताई. काही पंचवीससुद्धा. तुम्हाला कशाला हवंय हे?" मी काही सांगितलं नाही, पण दिवसभर मनातल्या मनात हसत होते. दादा एकसष्ट वर्षांचा. स्वतःच्या हाताने स्वतःला अडकवून घेतोय, मला वाटलं. संध्याकाळी घरी आले आणि म्हटलं, कबूल. त्याने तळहात पुढे केला. लहानपणी पैज लावताना द्यायचो तशी मी टाळी दिली.

दुकानात पुढच्या बाजूला मासे होते आणि मागे एक बंद, उबदार खोली. तिच्या चारही भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर काचेच्या नि प्लॅस्टिकच्या पेट्या. दुकानवाली माझ्याच वयाची, केस आखूड कापलेले, बोलायला सरळ. मी दारातच उभी राहिले. मला त्या प्राण्यांची किळस येत होती आणि ते लपवायची मला गरज वाटली नाही.

दादाला तिने स्टूल दिलं. "पहिलाच ना? मग झाडावर राहणारा नको. ते विजेसारखे पळतात, झाकण उघडलं की गेला. हे या बाजूचेही नको, चावले तर हात सुजेल. आणि ही पिल्लं तर नकोच." तिने नखाएवढे कोळी असलेल्या डब्या दाखवल्या. "नवशिक्यांच्या हातून मरतात. जमिनीवर राहणारा, संथ, शांत असा घ्या."

"काळा कुठलाय?" दादाने विचारलं.

तिने एक पेटी काढून त्याच्या मांडीवर ठेवली. आत मखमलीसारखा काळाभोर कोळी होता, लांब पायांचा. तो हललाही नाही. दादाने खिशातून टॉर्च काढली, भिंग काढलं. "याचे पुढचे पाय जरा दाखवता?" तो म्हणाला. तिने मऊ कुंचल्याने हळूच डिवचल्यावर कोळ्याने पुढचे पाय उचलले, आणि दादा ते पाच मिनिटं तरी पाहत होता. तो इतका तल्लीन झालेला मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. दोघं हलक्या आवाजात काहीतरी बोलले, मी ऐकायलाही गेले नाही. कुठला का घेईना, मी मनात म्हटलं, वीस वर्षं मिळतायत.

पेटी दादाला स्वतः बनवायची होती. ती झाल्यावर सोमवारी मी एकटीने येऊन कोळी न्यायचा असं ठरलं.

इथे माझ्या कामाचं सांगते. मी शर्टांच्या कारखान्यात तपासनीस आहे. शिवून झालेले शर्ट माझ्या टेबलावर येतात. शिलाई वाकडी, कॉलर कमीजास्त, काज तुटलेलं, काही दिसलं की तो शर्ट ओढून काढायचा, त्याच मापाचा त्याच रंगाचा दुसरा त्या जागी ठेवायचा आणि गठ्ठा पुढे ढकलायचा. गिऱ्हाइकाला मोजून तेवढेच आणि चांगलेच मिळतात. मधे काय झालं ते कुणाला कळत नाही. सव्वीस वर्षं मी हेच करतेय आणि यात माझा हात धरणारं कुणी नाही.

सोमवारी दुकानवालीने त्या कोळ्याला एका गोल डब्यात घेतलं, आणि झाकण लावता लावता म्हणाली, "तुमच्या भावाला ठाऊक आहे, पण तुम्हालाही सांगून ठेवते. नंतर भांडायला येऊ नका. हा पूर्ण वाढलेला नर आहे. एकदा वाढला की नर फार राहत नाही. सहा महिने, आठ महिने. वर्ष म्हणजे अगदी डोक्यावरून पाणी."

"वीस वर्षं जगतात ना?"

"माद्या जगतात. नर नाही." ती माझ्याकडे बघत राहिली. "त्यांनीच विचारलं होतं, वाढलेला नर आहे का म्हणून. पुढच्या पायांना बारीक आकडे असतात नराला, ते स्वतः बघून घेतले त्यांनी. नवीन माणूस नेहमी मादी मागतो, जास्त जगते म्हणून. नर मागणारे हे पहिलेच."

मला असा संताप आला की कानशिलं तापली. मला बनवलं होतं त्याने. टाळी घेऊन बनवलं होतं.

"मादी द्या," मी म्हटलं.

"त्यांनी हाच..."

"मी घरी नेईन तेच पेटीत जाणार. काळी आहे ना मादी? एवढीच?"

होती. सहा वर्षांची. दुकानवाली म्हणाली की पोट जरा मोठं आहे, पाय जाड आहेत, आकडे नाहीत, माहीतगाराला फरक कळेल. मी म्हटलं, तो कसला माहीतगार, नवशिका आहे आणि डोळे अधू आहेत. "नवशिकेच जास्त अभ्यास करतात, ताई," ती म्हणाली. पण तिने डबा बदलून दिला. सोबत माहितीचा छापील कागद दिला आणि घरी गेल्यावर नीट वाचा म्हणाली. बसथांब्यावर मी तो उलगडून पाहिला. वर ठळक अक्षरांत मादी असं लिहिलं होतं, खाली वीस वर्षं. असला कागद घरात सापडला तर झालंच. पुढचं न वाचता मी तो फाडून कचरापेटीत टाकला.

दादाने पेटी बनवून ठेवली होती, प्लॅस्टिकच्या पारदर्शक पत्र्यांची, अगदी बुटकी. उंच पेटीत कोळी वर चढतो, पडला तर त्याचं पोट फुटतं, असं त्याने सांगितलं. आत भुसभुशीत माती, पाण्याची वाटी, लपायला अर्धी कौलाची नळी. मी डबा आत आडवा केला आणि हात मागे घेतला. ती हळूहळू बाहेर आली. दादाने टॉर्च लावली, भिंग धरलं, आणि बराच वेळ पाहिलं.

"हाच का?" त्याने विचारलं.

"हाच. दुसरा कुठला असणार?"

त्याने भिंग खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या फडक्याने ओटा पुसत होते, पुसलेलाच परत पुसत होते. "छान आहे," तो म्हणाला, आणि झाकण लावलं.

पुढचे पाच महिने मी स्वतःवर खूश होते. दादाने एक दिवस चुकवला नाही. गाडी यायच्या आधी तयार होऊन दारात बसायचा. एकदा हातातली सुई निसटून सगळा सदरा रक्ताने भिजला, तरी दोन दिवसांनी गेला. पायाचं तिसरं बोट कापावं लागलं, तेव्हा पायाला पट्टी बांधून गेला. कुरकुर नाही, पुरे झालं नाही, काही नाही. मला वाटायचं, बघा, माणसाला जीव लावायला काहीतरी लागतं. कारखान्यात मी हजेरीवाल्या मुलीला हे ऐकवलंसुद्धा, मोठ्या शहाणपणाने.

ओट्याखाली एका डब्यात कोळ्यासाठी झुरळं पाळलेली असायची. आयुष्यभर झुरळं मारण्यात गेलं आणि आता त्यांना गाजराचे तुकडे घालतेय, असं मी रोज पुटपुटायचे. दादा हसायचा. आठवड्यातून एकदा चिमट्याने एक झुरळ आत सोडायचा. मी तेव्हा पाठ फिरवून उभी राहायचे. तो काही सांगायला लागला की मी म्हणायचे, मला त्याचं काही सांगू नकोस, माझं जेवण जाणार नाही. खरं कारण वेगळं होतं. बोलता बोलता माझ्या तोंडून एखादा शब्द निसटेल अशी मला धास्ती वाटायची. तोही मग सांगेनासा झाला.

सहाव्या महिन्यात तिने खाणं सोडलं. सोडलेलं झुरळ दुसऱ्या दिवशी तसंच फिरताना दिसायचं आणि दादा ते काढून घ्यायचा. एक आठवडा, दोन, तीन. तिचं पोट काळपट, तकतकीत दिसायला लागलं. ती नळीबाहेर येईना.

"आजारी आहे का?" मी विचारलं.

"बघू," दादा म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहिलं, काहीतरी सांगणार असं वाटलं, पण तो गप्पच राहिला. मला वाटलं, तो वाट बघतोय. मला झोप येईना. वीस वर्षांची घेऊन आले आणि सहा महिन्यांत मरतेय म्हणजे काय? शनिवारी सुट्टी होती, तेव्हा दुकानात जाऊन विचारायचं मी ठरवलं.

शनिवार यायच्या आधी बुधवार आला. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी दादा उशिरापर्यंत झोपतो. मी डबा भरून, केस बांधून निघायच्या बेतात होते आणि जाता जाता पेटीकडे नजर गेली. ती पाठीवर पडली होती. आठही पाय वर.

दादाचं तोंड पेटीच्याच बाजूला होतं, डोळे मिटलेले. तो उठला की पाहणार. पाहिलं की करार संपला, आणि मी एक अक्षर बोलायचं नाही असं कबूल केलेलं. मी विचार केला असं म्हणता येणार नाही. माझ्या हातांनी केला. खोट दिसली आहे, ओढून काढ, त्याच मापाची त्याच रंगाची दुसरी त्या जागी ठेव. दुकान दहाला उघडतं. अकरापर्यंत घरी परत.

किळस वगैरे काही आठवली नाही. शिवणाच्या सामानाचा पत्र्याचा डबा रिकामा केला, फडक्याने तिला उचललं, डब्यात घातलं, आणि बसमध्ये आदळू नये म्हणून वरून चिंध्या घट्ट दाबून झाकण लावलं. उचलताना तिचा एक पाय किंचित हलल्यासारखा वाटला. फडक्याने हलला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पेटीच्या समोर दादाचा टॉवेल वाळत टाकला, म्हणजे पलंगावरून दिसणार नाही. कारखान्यात फोन करून अर्धी रजा टाकली. दुकानापुढे पाऊण तास उभी राहिले.

"अशीच दुसरी हवी," मी दुकानवालीला म्हटलं. "एवढीच. ही मेली."

तिने मागच्या खोलीत नेऊन डबा उघडला, चिंध्या एक एक करून बाजूला केल्या, आणि थांबली. मग दिवा जवळ ओढला. पाठीची काळी कातडी झाकणासारखी उघडली होती आणि तिच्यातून काहीतरी पांढुरकं, ओलं बाहेर आलं होतं. अर्धे पाय जुन्या कातडीत, अर्धे बाहेर. बाहेरचे दोन वाकून पोटाला चिकटले होते. पोटाला चिंधीचे धागे लागले होते, आणि तिथून पाण्यासारखं काहीतरी झिरपत होतं.

"ताई," ती म्हणाली, "ही मेली नव्हती. कात टाकत होती."

मला समजलं नाही. तिने परत सांगितलं, हळू. अंगाची कातडी अपुरी पडली की कोळी पाठीवर पडतो आणि तिच्यातून बाहेर येतो. त्याआधी तीन-चार आठवडे खात नाही. बाहेर येताना अंग लोण्याहून मऊ असतं, तेव्हा पेटीला धक्कासुद्धा लावायचा नसतो. "कागदात सगळं लिहिलं होतं ना?"

"आता?" मी विचारलं.

तिने कुंचल्याचं टोक एका पायाला लावलं. पाय थोडा हलला.

"काही करता येईल?"

"नाही." तिने डबा उचलला. "मी हिला बर्फाच्या कप्प्यात ठेवते. लवकर सुटेल." ती आत गेली आणि कप्प्याचं दार लागल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला. परत आल्यावर ती म्हणाली की आत्ता एक काळी मादी आहे, पण लहान, निम्म्या मापाची. मी नको म्हटलं. ते माप चालणार नव्हतं.

घरी आले तेव्हा दादा रिकाम्या पेटीसमोर खुर्ची घेऊन बसला होता. टॉवेल घडी करून मांडीवर. मी दारात उभी राहिले. बसमध्ये तीन वेगवेगळ्या थापा रचल्या होत्या, त्यातली एकही आठवेना.

"मादीला कुठे नेलीस?" त्याने विचारलं.

मी भिंतीला टेकले. "तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. आकडे नव्हते. आंधळा नाही झालोय मी अजून."

मग मी सगळं सांगितलं. त्याने फक्त विचारलं, "पाठीवर होती? पाय वर?" मी हो म्हटलं. "मेलेल्या कोळ्याचे पाय पोटाखाली आखडतात," तो म्हणाला. "पाठीवर पडतो तो कात टाकायला."

"मग मला सांगितलं का नाहीस?" मी ओरडले. चूक माझी आणि ओरडतेय मीच, हे कळत होतं. "तीन आठवडे माझ्या तोंडाला कोरड पडलीय. एक शब्द बोलला असतास."

"काय बोलणार? वाढलेला नर कात टाकत नाही. कात टाकणार आहे म्हटलं असतं, तर मला कळलंय हे तुला कळलं असतं."

"कळू द्यायचं होतं."

"तू एवढी खूश होतीस, फौजदार."

तो पेटीकडे बघत होता. त्याला वाईट वाटत होतं, खरंच वाटत होतं. त्या सहा महिन्यांत तो तिला रोज तासन् तास बघत बसायचा. पण त्याच्याही आधी, मी सांगून संपवलं त्या क्षणी, त्याच्या चेहऱ्यावरून दुसरंच काहीतरी गेलं. खांदे खाली आले. कपाळावरची आठी, जी मी त्याच्या चेहऱ्याचाच भाग समजायला लागले होते, ती गेली. मला बारीक दिसतं, तोच माझा धंदा आहे. तो सुटला होता. आणि त्यावरून मला हेही दिसलं की हे सहा महिने त्याने कसे काढले होते आणि कुणासाठी.

"दुकानात आणखी एक आहे," मी म्हटलं. "लहान आहे. मादी आहे."

त्याने रिकाम्या पेटीचं झाकण नीट बसवलं. मग म्हणाला, "आण. तू आणलीस तर मी जाईन. उद्यापासूनच जाईन, खाडा करणार नाही. खरं सांगतोय." त्याने टॉवेल उचलला, परत खाली ठेवला. "पण या वेळी तू निवड."

मला त्याचा इतका राग आला की त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. त्याने नको म्हणायला हवं होतं. त्याने भांडायला हवं होतं, मग मी भांडून जिंकले असते, मी नेहमीच जिंकते. तो नुसता बसून राहिला, सुयांनी सुजलेला हात मांडीवर ठेवून, मी जे सांगेन ते करायला तयार. मी स्वयंपाकघरात गेले, अर्धा तास भांडी घासली, स्वच्छ होती तीही घासली. दुकान आठपर्यंत उघडं असतं. पाच वाजले, सहा वाजले. सातच्या सुमाराला मी चपला पायात घातल्या, दारापर्यंत गेले, आणि काढल्या.

मग मी केंद्रात फोन केला. सिस्टर म्हणाली, उद्या नाही येणार का, बरं, मग शनिवारी या, दोन दिवस पाणी कमी द्या. मी म्हटलं, शनिवारीही नाही. त्यांची वेळ दुसऱ्या कुणाला द्या. तिने विचारलं, हे त्यांनी स्वतः ठरवलंय का. मी हो म्हटलं.

दादा बाराव्या दिवशी गेला. लोक भेटायला आले, अजूनही कुणी ना कुणी रस्त्यात थांबवून विचारतं, त्यांनी स्वतःच बंद केलं ना हो? मी हो म्हणते. ते खोटं आहे. तो जायला तयार होता, फोन मी केला.